साठ स्टॉल, चार तास, पाच माणसं: खाद्यमहोत्सवाचं नियोजन कसं करावं?

आंबटगोड

शहरात तीन दिवसांचा खाद्यमहोत्सव आहे, शुक्रवार दुपारपासून रविवार रात्रीपर्यंत. मोकळं मैदान, साठेक स्टॉल. जाणार पाच जण: तीन मोठी माणसं, गुडघ्यांचा त्रास असलेल्या आजी आणि सात वर्षांचा मुलगा. मोठ्यांपैकी एकीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. हाताशी चार तास.

कुठला दिवस, कुठली वेळ बरी? एखाद्या रांगेत उभं राहणं वसूल होणार की नाही हे आधी कसं ओळखायचं? किती प्लेटा घ्याव्यात, म्हणजे निम्मं टाकून द्यावं लागणार नाही? उघड्यावरचं काय खावं, काय टाळावं? आणि त्याच आठवड्यात एक पॉप-अप जेवण आहे: पाहुणा शेफ, ठरलेला मेन्यू, पैसे आगाऊ. तिथे बुकिंग करताना काय पाहावं? नेमकं सांगितलंत तर फार उपयोग होईल.

उलथनं

आधी वेळेचं बोलू. शनिवार आणि रविवारची संध्याकाळ टाळा, बाकी बरंच काही जमून जातं. पहिल्या दिवशी पहिल्या तासात जाऊ नका. त्या वेळी गॅसच्या जोडण्या चालू असतात, बिलाची यंत्रं अडतात, तेल पुरतं तापलेलं नसतं आणि वाढणाऱ्यांचा हात बसलेला नसतो. रविवारी रात्री नावाजलेले पदार्थ संपलेले असतात आणि उरलेला माल खपवण्याकडे कल असतो. सगळ्यात चांगली वेळ म्हणजे शनिवारी उघडल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने. कढया तापलेल्या, माल ताजा, गर्दी अजून दारातच.

आत गेल्यावर पहिली वीस मिनिटं काही विकत घेऊ नका. पूर्ण फेरी मारा. पिण्याचं पाणी, हात धुण्याची जागा, स्वच्छतागृह, बाहेर पडायचे दरवाजे कुठे आहेत ते बघून ठेवा. सावलीत टेकायला जागा मिळाली की आजींना, मुलाला आणि एका मोठ्या माणसाला तिथे बसवा. तो तुमचा अड्डा. बाकीचे दोघं वेगवेगळ्या रांगांत उभे राहतील आणि प्लेटा अड्ड्यावर येतील. पाचही जण एकाच रांगेत ताटकळणं हा वेळ घालवण्याचा हमखास मार्ग आहे.

आता रांग. नुसती लांबी पाहून काही कळत नाही. घड्याळ लावून पाच मिनिटं बघा, किती ऑर्डरी हातात पडल्या ते मोजा. पाच मिनिटांत ६ ऑर्डरी निघाल्या आणि तुमच्यापुढे १८ ऑर्डरी असतील तर १५ मिनिटं लागणार. डोकी मोजू नका, ऑर्डरी मोजा. एक कुटुंब म्हणजे चार डोकी पण ऑर्डर एकच. उलट एकटाच उभा असलेला माणूस सहा प्लेटा घेऊन जातो, तेव्हा हा आकडा अंदाजाचाच. (जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये रांगेचा जो नियम गणिताने सिद्ध केला, तो साधारण हेच सांगतो: आत किती जण आहेत, त्याला दर मिनिटाला किती निघतात त्याने भागा.)

एक फसगत नेहमी होते. पैसे भरायची रांग छोटी दिसते म्हणून लोक शिरतात, आणि मग पावती घेऊन पदार्थाच्या खिडकीशी पंचवीस मिनिटं उभे राहतात. म्हणून पावती हातात घेऊन बाजूला ताटकळलेली माणसं आधी मोजा. खरी रांग ती.

तळणाच्या स्टॉलवर घाण्याकडे लक्ष द्या. तळणाचं तेल साधारण १७५ ते १९० अंश सेल्सिअस हवं. गर्दी वाढली की एकाच घाण्यात दुप्पट नग टाकले जातात, तेल एकदम थंड पडतं आणि पदार्थ तेल पितो. हे दुरूनही कळतं. नग टाकल्याबरोबर जोरात बुडबुडे उसळले आणि तडतड ऐकू आली तर तेल तापलेलं आहे. नग पडले आणि कढई गप्पच राहिली, बुडबुडे सावकाश आळसावल्यासारखे वर आले, तर तो घाणा तुमच्या वाट्याला येऊ देऊ नका. पुढच्या घाण्यापर्यंत थांबा किंवा दुसरीकडे वळा. आणि तळलेलं अड्ड्यावर नेताना डब्याचं झाकण लावू नका, आतल्या वाफेने कुरकुरीतपणा दोन-तीन मिनिटांत जातो.

प्लेटांचा हिशेब: महोत्सवातली एक प्लेट साधारण दीडशे ते दोनशे ग्रॅमची असते. मोठं माणूस चार तासांत सहाशे ते आठशे ग्रॅम आरामात खातं. म्हणजे एकट्याने खाल्लं तर चार पदार्थांत पोट भरलं. तेच प्रत्येक प्लेट तिघांत वाटली तर बारा पदार्थ चाखता येतात. तुमच्या पाच जणांना मिळून चौदा-पंधरा प्लेटा पुरतात, आजी आणि मुलगा कमी खातील हे धरून. एका वेळी दोनच प्लेटा आणा. पोट भरल्याची जाणीव व्हायला वीसेक मिनिटं लागतात, तोवर आपण आणखी तीन प्लेटा मागवून बसलेलो असतो.

कूपन किंवा मनगटी पट्ट्यात पैसे भरायचे असतील तर अंदाजाच्या साठ टक्केच भरा. उरलेले पैसे परत मिळतात का, कुठे आणि किती दिवसांत, हे भरण्याआधी विचारा. परत मिळत नसतील तर शेवटच्या तासात नको असलेलं खाल्लं जातं.

वाफाळ

खाण्याच्या सुरक्षेचं मी सांगते. दोन आकडे पाठ करा: गरम अन्न ६० अंशांच्या वर, थंड अन्न ५ अंशांच्या खाली. मधल्या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात, काहींची संख्या अनुकूल परिस्थितीत वीसेक मिनिटांत दुप्पट होते. नाशवंत पदार्थ मधल्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त राहिला तर टाकून द्यायचा, आणि हवाच ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासात.

थर्मामीटर घेऊन कोणी फिरत नाही, म्हणून डोळ्यांनी काय पाहायचं ते.

पातेल्यातून वाफ दिसतेय म्हणून अन्न गरम आहे असं धरू नका. गरम पाण्याच्या ट्रेवर ठेवलेल्या भांड्याभोवती जी वाफ दिसते ती बरेचदा खालच्या पाण्याची असते. वाढणारा तळापासून ढवळतो का ते बघा. ढवळल्यावर आतून वाफ आली तर ठीक. वरच्या थरावर साय किंवा कोरडी खपली धरली असेल तर ते भांडं बराच वेळ तसंच उभं आहे. असे ट्रे अन्न गरम *राखण्यासाठी* असतात, थंड झालेलं *तापवण्यासाठी* नाहीत. थंड पातेलं थेट ट्रेवर ठेवताना दिसलं तर तिथे खाऊ नका.

शिजवलेल्या भाताबद्दल लोक निष्काळजी असतात. बॅसिलस सेरियस या जंतूचे बीजाणू शिजवण्यातून वाचतात. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि जे विष तयार करतात ते पुन्हा गरम करून जात नाही. स्टॅफिलोकोकस ऑरियस या जंतूचं विषही असंच उष्णतेला दाद देत नाही. त्यामुळे "परत गरम करून देतो" हे आश्वासन पुरेसं नाही, आधी ते किती वेळ कोमट पडून होतं हा खरा प्रश्न.

हातांकडे बघा. पैसे घेणारा आणि अन्न हाताळणारा माणूस वेगळा हवा. हातमोजे घातलेत म्हणून निर्धास्त होऊ नका. त्याच हातमोज्यांनी नोटा मोजून परत पोळी उचलली तर उघडा पण धुतलेला हात परवडला. स्टॉलच्या मागे तोटीचं पाण्याचं पिंप, साबण आणि खाली बादली दिसली तर त्या माणसांना कामाची समज आहे. कच्च्या मांसाचा चिमटा आणि भाजलेलं उचलायचा चिमटा वेगळा आहे का? एकच असेल तर पुढे चला.

बर्फाने जंतू मरत नाहीत, गोठून थांबतात फक्त. बर्फ झाऱ्याने काढतात की पेला बुडवून, हे पाहा.

तुमचे हात: नोरोव्हायरसवर (उलट्या-जुलाब घडवणारा विषाणू) अल्कोहोलचं सॅनिटायझर फारसं चालत नाही, साबण आणि वाहतं पाणीच हवं. कागदी साबण खिशात ठेवा.

आणि पोट बिघडलंच तर शेवटी खाल्लेल्या स्टॉलला लगेच दोष देऊ नका. स्टॅफिलोकोकसचं विष अर्ध्या तासापासून आठ तासांत त्रास देतं, नोरोव्हायरस १२ ते ४८ तासांनी, साल्मोनेला सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत कधीही. काय, कुठे, किती वाजता खाल्लं याची फोनवर नोंद ठेवली तर डॉक्टरांनाही उपयोग होतो.

पाचवी चव

क्रमाबद्दल थोडं. सौम्य आधी, तिखट नंतर, गोड शेवटी. सलग तीन तळलेले पदार्थ खाल्ले की चौथा कितीही चांगला असला तरी फिका लागतो. जीभ त्याच त्याच पोताला कंटाळते, पोट भरलेलं नसलं तरी. मध्ये आंबट किंवा कच्चं, कुरकुरीत काहीतरी घ्या, परत भूक लागल्यासारखं वाटतं. गोड आणि फसफसणारी पेयं टाळा, पोटातली जागा तीच अडवतात.

तिखट झोंबलं तर पाणी पिऊन उपयोग नाही. मिरचीतलं कॅप्सायसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. दूध किंवा दही घ्या. दुधातलं केसीन हे प्रथिन त्याला धरून जिभेवरून काढतं.

कुपी

@आंबटगोड, शेंगदाण्याच्या ॲलर्जीसाठी प्रश्न बदला. "यात शेंगदाणे आहेत का?" असं विचारलं की "नाही" असं उत्तर येतं आणि ते खरंही असतं. विचारायचं असं: "याच तेलात, याच तव्यावर, याच उलथन्याने आणखी काय काय करता? तेल कशाचं? वर भुरभुरता ते काय?" सामायिक कढई हा महोत्सवातला सगळ्यात मोठा धोका आहे. तेल तापलं म्हणून ॲलर्जी आणणारी प्रथिनं भरवशाने नष्ट होत नाहीत. दाटसर सॉस आणि गोड पदार्थांवरचा चुरा या दोन ठिकाणी शेंगदाणा हमखास लपतो.

प्रश्न गल्ल्यावरच्या माणसाला विचारू नका, शिजवणाऱ्याला विचारा. गल्ल्यावर बहुतेक वेळा त्या दिवसापुरता आलेला मदतनीस असतो. उत्तर देताना तो जरा घुटमळला, मागे वळून कोणाला तरी विचारून "नसावेत" म्हणाला, तर तो नकार समजा. "नसावेत" या शब्दावर घास खायचा नाही.

युरोपीय संघात १४ ॲलर्जीकारक घटक जाहीर करणं बंधनकारक आहे, अमेरिकेत पाकिटबंद खाद्यपदार्थांवर ९ (तीळ त्यांत २०२३ पासून आले). पण तात्पुरत्या स्टॉलवर फलक लावला म्हणून तवा वेगळा होत नाही. शक्य असेल तर ज्या स्टॉलवर एकच पदार्थ बनतो आणि त्यात शेंगदाणा नाही, असे तीन-चार स्टॉल फेरीतच हेरून ठेवा, आणि तिच्यासाठी पहिल्या प्लेटा तिथूनच आणा. वाटून खाताना तिचा वाटा आधी, स्वच्छ चमच्याने बाजूला काढा. तुमचा चमचा दुसऱ्या प्लेटमधून फिरून आलेला असतो.

डॉक्टरांनी एपिनेफ्रिनचं (तीव्र ॲलर्जीवरचं तातडीचं औषध) इंजेक्शन दिलेलं असेल तर ते तिच्या अंगावरच्या पिशवीत हवं. उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका, उष्णतेने औषधाचा गुण कमी होतो. श्वास लागला, ओठ-घसा सुजला तर आधी इंजेक्शन, मग रुग्णवाहिकेला फोन. तिला आडवं झोपवा, श्वास घ्यायला त्रास होत असेल तर बसू द्या, पण उभं करून चालवत नेऊ नका. प्रथमोपचाराचा तंबू कुठे आहे हे पहिल्या फेरीत बघून ठेवायच्या गोष्टींत घाला.

मोकळी वाट

उलथनं यांच्या शनिवारच्या वेळेशी मी पूर्ण सहमत नाही. आजी आणि लहान मूल बरोबर असताना मोकळ्या मैदानावर दुपारचं ऊन चढत जाईल आणि नेमकं तुमचे चार तास त्यातच पडतील. शुक्रवारी साधारण चार वाजता पोचा. पहिल्या दोन तासांचा गोंधळ निवळलेला असतो, कामावरून सुटणारी गर्दी सहानंतर येते, आणि आठच्या आत तुम्ही बाहेर.

गर्दीचं मोजमाप: चौरस मीटरमागे चार माणसांपर्यंत आपण आपल्या पायांनी चालतो. पाचाच्या पुढे दोन्ही खांदे सतत घासायला लागतात. सहाच्या पुढे गर्दी पाण्यासारखी वाहायला लागते, तुम्ही कुठे जाता हे तुमच्या हातात राहत नाही. खांदे घासायला लागले की पदार्थ सोडा, निघा. सरळ उलटं चालू नका, तिरकं तिरकं कडेला या. मूल उचलून घ्या, हात छातीपुढे ठेवा म्हणजे श्वासाला जागा राहते.

मुलाच्या मनगटावर आत शिरण्याआधी पेनाने फोन नंबर लिहा आणि त्या दिवसाच्या कपड्यांत त्याचा एक फोटो काढा. चुकामूक झाल्यावर "निळा शर्ट होता की हिरवा" हे घाबरलेल्या माणसाला आठवत नाही. भेटायची जागा मुख्य दरवाजा ठरवू नका, तिथेच सगळ्यात जास्त रेटा असतो.

हजारो फोन एकाच टॉवरवर आल्यावर इंटरनेट अडकतं. तिकीट आणि नकाशा घरूनच फोनमध्ये उतरवून घ्या. तिकिटाचा कोड दर काही सेकंदांनी बदलणारा असेल तर स्क्रीनशॉट दारात चालत नाही, ॲप आधीच उघडून ठेवावं लागतं. सुटे पैसे जवळ हवेत. इंटरनेट ठप्प असताना साधा एसएमएस बरेचदा जातो.

चारही बाजूंनी बंद तंबूत कोळशाची भट्टी चालू असेल तर आत बसून खाऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं जड झालं, गरगरलं की लगेच मोकळ्या हवेत या.

नवा घाणा

पॉप-अपबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून.

पाहुणा शेफ परक्या स्वयंपाकघरात काम करत असतो. ओव्हन वेगळा, शेगड्या कमी, विजेचा भार मर्यादित, वाढणारे नवे. मेन्यू पाच-सहा पदार्थांचा असेल तर हे ओळखून आखणी केली आहे. वीस पदार्थ असतील तर बरंचसं आधी करून आणलेलं, तिथे फक्त गरम होणार. अनेक दिवस चालणारा पॉप-अप असेल तर पहिले दोन-तीन दिवस सोडा. एकाच रात्रीचा असेल तर निवड नाही, पण पाळी निवडता येते. दोन पाळ्यांत पहिलीला उठायची वेळ ठरलेली असते आणि शेवटचा पदार्थ घाईत येतो. दुसरी पाळी उशिरा सुरू होते पण निवांत चालते. आजी आणि मूल असताना तरीही पहिलीच घ्या.

ॲलर्जी बुकिंग करतानाच लेखी कळवा, आणि लेखी उत्तर येईपर्यंत पैसे भरू नका. ठरलेल्या मेन्यूत रस, सॉस, वाटणं आदल्या दिवशीच तयार होतात. टेबलावर बसून सांगितलं तर शेफच्या हातात पदार्थ वगळण्यापलीकडे काही उरत नाही. किमान तीन दिवस आधी आठवणीचा एक संदेश पाठवा.

पैसे परत मिळत नसतील तर तिकीट दुसऱ्याच्या नावावर करता येतं का आणि कधीपर्यंत, हे विचारून ठेवा. खोट्या कार्यक्रमांची तिकिटं विकली जातात, म्हणून समाजमाध्यमावरच्या जाहिरातीतल्या दुव्यावरून थेट पैसे भरू नका. ज्या जागेत जेवण आहे त्या जागेच्या स्वतःच्या पानावर कार्यक्रम दिसतो का ते बघा, किंवा त्यांना फोन करून विचारा. दोन मिनिटांचं काम आहे.

आंबटगोड

सगळ्यांचे मनापासून आभार. शुक्रवार चार वाजता पक्कं, आणि स्टॉलवर विचारायचे प्रश्न कागदावर लिहून नेणार. एकच राहिलं: उरलेलं घरी आणावं का? परतीला तासभर लागतो.

वाफाळ

दोन तासांचं घड्याळ तुमच्या हातात प्लेट पडल्यावर सुरू होतं, घरी निघाल्यावर नाही. साडेसहाला घेतलेली प्लेट आठ वाजता डब्यात भरली आणि नऊला घरी पोचलात, तर अडीच तास झाले. ती टाकायची. म्हणून घरी न्यायचं असेल तर निघायच्या दहा मिनिटं आधी वेगळी, ताजी प्लेट घ्या आणि थेट डब्यात भरा. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर तेही नको, तासभराच्या प्रवासातच मुदत संपते.

भाजलेले कोरडे पदार्थ, पाव, बिस्किटं खुशाल आणा. भात, मांस, मासे, अंडं किंवा मेयोनीज घातलेलं, कापलेली फळं तिथेच संपवा. घरी पोचल्यावर डबा ओट्यावर निवायला ठेवू नका, उथळ भांड्यात दोन बोटं उंचीपेक्षा कमी पसरून फ्रीजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी एकदाच गरम करा, मध्यभागापर्यंत ७५ अंश व्हायला हवं. मायक्रोवेव्हमध्ये करत असाल तर अर्ध्यावर थांबून ढवळा, कडेचं उकळतं आणि मधलं गारच राहतं.